खांबाजवळच्या बाकाचा आवाज

अर्धे कपडे दोरीवर आणि अर्धे बादलीत, अशा वेळी भाऊजी मागच्या अंगणात आले आणि म्हणाले, "वहिनी, चिमटे हवेत."

"किती?"

"आहेत तेवढे सगळे."

आमचे भाऊजी कमी बोलतात. एका वाक्यात काम होत असेल तर दुसरं वाक्य त्यांना उधळपट्टी वाटते. मी ओली चादर हातात धरून उभी, आणि हे गृहस्थ दोरीवरचे चिमटे काढायला लागलेसुद्धा. ह्यांचा सदरा खाली आला, पाठोपाठ उशांचे दोन अभ्रे आले. मी म्हटलं, "अहो, कुठे आग लागलीय ते तरी सांगा!"

"कॅसेटींच्या चिठ्ठ्या दमट झाल्यात. वाळवायच्यात. गुरुवारी आर्काइव्हची बाई येणारेय."

म्हणजे अखेर पत्राला उत्तर आलं होतं. मोठ्या शहरात जुनी कागदपत्रं आणि जुने आवाज जपून ठेवणारी एक संस्था आहे. अभिलेखागार हा तिचा खरा शब्द, पण तो आमच्या चर्चमध्ये एकाही तोंडात बसला नाही, म्हणून सगळे आर्काइव्ह म्हणतात. आमच्या चर्चच्या नोंदवह्या आणि भाऊजींनी सत्तावीस वर्षं टेप केलेले उपदेश त्यांनी ठेवून घ्यावेत म्हणून भाऊजींनी दोन वर्षांत सहा पत्रं पाठवली. त्यातली चार मी लिहून दिली, कारण भाऊजींचं अक्षर त्यांच्या वायरींसारखं आहे. कुठून निघतं आणि कुठे जातं ते त्यांनाच ठाऊक.

रोज संध्याकाळची प्रार्थना झाली की मी या वहीत चार ओळी लिहिते. आज चार ओळींत भागणार नाही. गेल्या तीन आठवड्यांत जे झालं ते सलग लिहून ठेवते, कारण पुढे जो तो ते आपल्या सोयीने सांगणार आहे, आणि सांगायला सुरुवात झालीसुद्धा आहे.

भाऊजी म्हणजे ह्यांचे धाकटे भाऊ. रेडिओ आणि मिक्सर दुरुस्तीचं दुकान चालवतात. लग्न केलं नाही. का, असं कुणी विचारलं तर "राहून गेलं" म्हणतात, जणू येताना दूध आणायचं राहिलं. वरच्या खोलीत राहतात, जेवायला खाली येतात. लहानपणी तापात डावा कान गेला. उजवा शाबूत आहे, पण तो त्यांच्या मर्जीने चालतो.

सत्तावीस वर्षांपूर्वी चर्चच्या कमिटीला उपदेश टेप करायची हौस आली आणि अख्ख्या मंडळीतून, म्हणजे चर्चच्या पावणेदोनशे कुटुंबांतून, त्यांनी या कामाला नेमका हाच माणूस निवडला. एका कानाने बहिरा माणूस ऐकण्याच्या कामाला! कमिटीचं म्हणणं, यंत्र त्याच्याकडे आहे ना, मग झालं तर.

भाऊजींनी काम मात्र असं धरलं की काय सांगू. दर रविवारी घंटेच्या अर्धा तास आधी जाऊन बसायचं. मांडीवर टेपरेकॉर्डर, आणि डोळे त्याच्या काचेतल्या सुईवर. आवाज आला की सुई हलते. सुई हलली म्हणजे उपदेश झाला, असा त्यांचा सरळ हिशोब. पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, पापाविषयी बोलोत की पुनरुत्थानाविषयी, भाऊजी सुई बघायचे. पोरं त्यांना सुईकाका म्हणायला लागली, मग मोठेही म्हणायला लागले. बाप्तिस्म्याचं नाव आता नोंदवहीतच सापडेल.

आणि टेप केलेली कॅसेट त्यांनी कधी म्हणजे कधीही वाजवली नाही. मी एकदा विचारलं होतं, "भाऊजी, ऐकत नाही कधी?"

"वाजवली की टेप झिजते."

"मग करता कशाला?"

"जपायला."

तेराशे ऐंशी कॅसेटी, प्रत्येकीवर नंबर, प्रत्येकीची चिठ्ठी, सगळं चर्चच्या मागच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात. दोन रविवार ऑपरेशनमुळे बुडाले आणि काही तापामुळे, तर त्या नंबरांच्या जागी रिकाम्या डब्या ठेवल्यात, आत चिठ्ठी: "मी आजारी."

शिवाय उलटायची भानगड. कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांत संपते आणि आमच्याकडचा उपदेश पंचेचाळीस मिनिटांत कधीच संपत नाही. तर बाजू संपत आली की भाऊजी एक बोट वर करायचे. व्यासपीठावरचे पाळकसाहेब वाक्याच्या मध्येच, "म्हणून प्रभू आपल्याला सांगतो की", असं म्हणून थांबायचे. भाऊजी कॅसेट उलटायचे. तेवढ्यात सगळं चर्च खोकून घ्यायचं. मग बोट खाली, आणि प्रभू काय सांगतो ते पुढे सुरू. इतकी वर्षं हे चाललं की भाऊजी ऑपरेशनला दवाखान्यात होते त्या रविवारीसुद्धा पाळकसाहेब वेळेवर थांबले आणि मंडळी वेळेवर खोकली. आताचे पाळकसाहेब नऊ वर्षांपूर्वी बदलून आले तेव्हा त्यांनी विचारलं, ही कसली शांतता पाळता? वडीलधाऱ्यांनी गंभीर चेहरा करून सांगितलं, ही या मंडळीची जुनी परंपरा आहे. त्यांनी मान लववली. आजही थांबतात.

तर अशा या भाऊजींच्या कामाची पारख करायला गुरुवारी ती बाई आली. बाई कसली, तिशीतली मुलगी. हातात पांढरे सुती मोजे, पाठीवर यंत्रांची पिशवी. मागच्या खोलीत तिच्या स्वागताला कमिटीचे सेक्रेटरी हेडमास्तर हजर होते. हे शाळेतून निवृत्त झाले त्याला एकवीस वर्षं झाली, पण समोरचा माणूस अजून त्यांना वर्गातच बसलेला दिसतो. शेजारी त्यांच्या सौभाग्यवती हेडमास्तरीणबाई, पाळकसाहेबांच्या पत्नी म्हणजे पाळकीणबाई, आणि इस्पितळातून निवृत्त झालेल्या त्र्याऐंशी वर्षांच्या मेट्रन. मी चहाचा थर्मास घेऊन. भाऊजी कपाटाला टेकून, किल्ल्या हातात.

आधी नोंदवह्या झाल्या. बाप्तिस्मे, लग्नं, दफनं. मुलगी मोजे घालून पानं उलटत होती आणि हेडमास्तर प्रत्येक पानावर आपल्या घराण्याचं बोट ठेवत होते. "हे आमचे आजोबा. हे आमचे चुलते. बघा, किती वळणदार अक्षर!" दफनाच्या वहीत तर सगळेच "प्रभूमध्ये शांतपणे निजले" असं होतं. आमच्या मंडळीत सव्वाशे वर्षांत कुणी कण्हत-ओरडत मेलंच नाही असं ती वही सांगते.

मग मुलगी म्हणाली, "आता एखादी कॅसेट ऐकू या?"

भाऊजींचा चेहरा लग्नात मुलगी पाठवताना बापाचा होतो तसा झाला. "झिजते," म्हणाले.

"एकदाच, काका. आवाज शाबूत आहे का ते कळायला हवं."

त्यांनी मधलीच एक काढून दिली. पाच वर्षांपूर्वीची. मुलीने छोट्या स्पीकरला जोडली. खरखर झाली. मग फार लांबून, विहिरीच्या तळातून यावा तसा पाळकसाहेबांचा आवाज आला, "प्रियजनहो, जिभेला लगाम..." आणि त्यावर, अगदी कानाशी तोंड आणून बोलावं इतका स्वच्छ, हेडमास्तरीणबाईंचा आवाज:

"पाळकीणबाई मंगळवारी आल्या होत्या प्रार्थनेला. प्रार्थना पाच मिनिटं. बाकी पंचावन्न मिनिटं कुणाकडे काय चाललंय याची चौकशी."

मेट्रनचा आवाज: "मग तुम्ही काय सांगितलंत?"

"सगळं!"

विहिरीतून पाळकसाहेब म्हणाले, "...लहानशी ठिणगी, प्रियजनहो..."

मुलीने बटणावर बोट ठेवलं. "थांबवू का?"

"नको नको," पाळकीणबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका गोड मी आधी ऐकला नव्हता. "चालू दे की. आम्हालाही कळू दे."

पुढची कॅसेट लावली. त्यात पाळकीणबाई स्वतः: "हा दृष्टांत मागच्या मंडळीत चार वेळा झालाय. आता रडतील बघा. हं, काढला रुमाल." तिसरीत मेट्रन म्हणत होत्या, "त्या कोपऱ्यातल्याचं तोंड उघडं राहिलंय. माशी जाईल. गेली!" त्यावर बाकावर खुसखुस. एकाही कॅसेटमध्ये उपदेश सलग दोन वाक्यं कळेना.

झालं होतं ते एवढंच. चर्चमध्ये प्लग एकाच ठिकाणी, डावीकडच्या तिसऱ्या खांबाला. म्हणून टेपरेकॉर्डरचा माइक त्या खांबाजवळच्या बाकाच्या पाठीला लावलेला. आणि त्या बाकावर गेली कित्येक वर्षं आम्ही बसतो. आम्ही, म्हणजे वर नावं आली त्या तिघी आणि मी. पाळकीणबाई ज्या रविवारी आल्या नसतील, त्या रविवारी विषय त्यांचा.

"हा माइक इथे लावायची अक्कल कुणाची?" हेडमास्तर भाऊजींवर गरजले. "अरे सुई, तुला मी सातवीत गणित शिकवलं, तेव्हाच ओळखलं होतं!"

भाऊजींनी कपाटातून कमिटीच्या ठरावांची जुनी वही काढली आणि पान उघडून मुलीसमोर ठेवलं. तिने मोठ्याने वाचलं: "वेदीजवळ यंत्र वा तार दिसल्यास उपासनेचा भंग होतो. सबब ध्वनिग्राहक तिसऱ्या खांबाजवळील बाकाच्या पाठीस, उपासकांच्या दृष्टीआड लावावा. ठराव एकमताने मंजूर." मग तिने खालची सही वाचली. ती इतकी वळणदार होती की वाचायला मुळीच त्रास पडला नाही. सही हेडमास्तरांची.

मुलीचे डोळे मात्र चमकत होते. "काका, हे फार मोलाचं आहे! उपदेश लोक छापून ठेवतात. उपदेश चालू असताना खाली बसलेली माणसं काय बोलतात, हे कुणी कधी जपून ठेवत नाही. आम्ही घेऊ. पण घेतल्या तर सगळ्या. निवडक नाही. आणि कमिटीची सही लागेल."

तेराशे ऐंशी कॅसेटी भाऊजींनी देवाचं वचन जपायला म्हणून भरल्या होत्या, आणि ही मुलगी सांगत होती की आत दुसरंच काहीतरी आहे आणि ते छान आहे. त्यांना आनंद झाला की धक्का बसला ते मला कळलं नाही. बहुतेक त्यांनाही नसावं कळलं.

त्या रविवारी आमचा बाक ओठ शिवून बसला. हेडमास्तरीणबाई एका टोकाला, पाळकीणबाई दुसऱ्या, मध्ये मेट्रन आणि मी, चौघींच्या हाताच्या घड्या. उपदेश सुरू झाला. पाच मिनिटं झाली आणि भाऊजी अस्वस्थ झाले. यंत्रावर टिचकी मारली. वायर हलवून पाहिली. मग उठून बाकामागे वाकले आणि माइक काढून फुंकर घातली. सुई हलत नव्हती! सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा त्या यंत्रात फक्त उपदेश जात होता, आणि भाऊजींना वाटलं यंत्र बिघडलं. मेट्रन तोंडात पदराचा बोळा कोंबून हलत होत्या.

उपासनेनंतर कमिटी बसली. मी चहा नेला, आणि कप परत न्यायचेत म्हणून तिथेच थांबले.

"पुसून टाकायच्या," हेडमास्तर म्हणाले. "तो बाकाचा भाग तेवढा पुसायचा आणि उपदेश ठेवायचा."

भाऊजी म्हणाले, "सर, बाक सगळीकडे आहे. उपदेश मधूनमधून आहे."

"मग सगळ्याच पुसा! त्यावर गीतं टेप करा. मंडळीची अब्रू आहे की नाही?"

"पुसणार नाही मी."

"तुला काय रे जातंय बोलायला? तुला तर धड ऐकूही येत नाही! सत्तावीस वर्षं कचरा भरत बसलास आणि कळलं नाही तुला!"

कुणीतरी शहाजोगपणे "जाऊ द्या, जाऊ द्या" म्हणालं. पाळकसाहेब छताकडे बघत होते. त्यांना कठीण प्रसंगी छत फार आवडतं. ठरलं असं: दोन आठवड्यांची मुदत. तोवर सुईकाकांनी कॅसेटी स्वच्छ केल्या तर आर्काइव्हला जातील. नाही केल्या तर नोंदवह्या तेवढ्या जातील आणि कॅसेटी भंगारवाल्याकडे.

एक गोष्ट मला इथे लिहिलीच पाहिजे. त्या खोलीतला प्रत्येक माणूस लहानपणापासून ऐकत आलाय की आपण बोलतो तो प्रत्येक शब्द वर ऐकला जातो आणि शेवटी त्याचा जाब द्यायचा आहे. मीही ऐकत आलेय, आणि मानते. पण त्या भीतीने सत्तावीस वर्षांत बाकावरचं एक कुजबुजणं थांबलं नाही. मोजे घातलेली एक मुलगी ऐकणार म्हटल्यावर मात्र सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. देवाच्या कानावर आमचा विश्वास आहे. भीती वाटते ती आर्काइव्हच्या कानाची.

सोमवारपासून भाऊजींनी दुकान बंद ठेवलं आणि वरच्या खोलीत कॅसेटी ऐकायला बसले. नियम मोडला. उजव्या कानावर हेडफोन, समोर वही. प्रत्येक कॅसेटची चार-पाच मिनिटं ऐकायची आणि पुढची लावायची. दिवसभर. जेवायला हाक मारली तरी येईनात. मी वर ताट नेलं तर कागदावर लिहिलेलं: "४१, मेट्रन, पाय दुखतो. ४२, मेट्रन, दुसरा पाय." एकदा ते मोठ्याने हसले. मी या घरात आल्यापासून भाऊजींना मोठ्याने हसताना दोनदाच ऐकलंय, हे तिसरं. ह्यांनी पेपर खाली करून विचारलं, "वर कुणी पाहुणे आलेत का?"

माझं मात्र जेवणात लक्ष लागेना. कारण त्या बाकावर मीही होते, आणि मी काही मुकी नाही. आपण काय काय बोललो ते आठवायला गेले तर काहीच आठवेना, आणि त्याचीच जास्त भीती वाटायला लागली.

चौथ्या दिवशी दुपारी भाऊजी जेवायला खाली आले. अर्धं जेवण झाल्यावर म्हणाले, "वहिनी. एकशे बारा नंबर."

"काय आहे त्यात?"

"तुम्ही."

मी डाव पातेल्यात ठेवला. "काय बोलले मी?"

त्यांनी घास संपवला, पाणी प्यायले. "'आमच्याकडे दीर म्हणून एक धोंडा ठेवलाय. जेवतो, वर जातो. लग्न करत नाही, जातही नाही. आयुष्यभर मीच वाढायचं.' असं."

एकशे बारा म्हणजे पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा माझी मुलं लहान होती, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या होत्या, मी थकलेली असे. पण हे सगळं त्या कॅसेटमध्ये नाही. कॅसेटमध्ये धोंडा आहे.

"भाऊजी..." मी म्हटलं.

"आवाज स्वच्छ आलाय," ते म्हणाले. "पाळकसाहेबांपेक्षा." आणि भात मागितला.

मी रडले नाही, कारण त्यांनी भात मागितला होता आणि तो वाढायचा होता. पण ताटं उचलल्यावर मी वर गेले आणि जे हेडमास्तर म्हणाले होते तेच म्हणाले. "एवढं एक पुसा."

त्यांनी मान हलवली. हो की नाही ते कळलं नाही. खाली येऊन त्यांनी फोन लावला आणि आर्काइव्हच्या मुलीला विचारलं, एखादा भाग काढायचा झाला तर? मग फोन माझ्या हातात दिला, कारण त्यांच्या कानाला फोन पटत नाही. ती म्हणाली, "काढता येतो की, काकू. ज्यांचा आवाज आहे त्यांनी फॉर्म भरायचा. कॅसेट नंबर, काय बोललं गेलं, का काढायचं, सही. म्हणजे पुढे अभ्यास करणाऱ्याला कळतं तिथे काय होतं ते. मी पाठवते फॉर्म."

फॉर्म आला. दुकानातून भाऊजींनी त्याची प्रत काढून आणली आणि माझ्यासमोर पेनासकट ठेवली. मी लिहिलं: कॅसेट नंबर ११२. पुढचा रकाना, "काय बोललं गेलं." तिथे पेन टेकवून मी किती वेळ बसले कोण जाणे. शेवटी लिहिलं: "दिराला धोंडा म्हटलं." पुढे, का काढायचं? "कारण खरं नव्हतं." सही केली आणि कागद त्यांच्याकडे सरकवला.

त्यांनी तो सावकाश वाचला. मग म्हणाले, "वहिनी, कॅसेट तीस-चाळीस वर्षं टिकते. कागद दोनशे."

मी कागद परत ओढला आणि टराटरा फाडला.

"फाडलात तर तीही नोंद करावी लागते बहुतेक," ते म्हणाले. तोंडावरची रेषा हलली नाही. मला हसू आलं आणि मग मात्र रडूही आलं, दोन्ही एकाच वेळी, आणि भाऊजी छताकडे बघायला लागले. पण ते पाळकसाहेबांसारखं नव्हतं. त्यांचं ते बघणं मला चांगलं वाटलं. मी त्यांना म्हटलं, "राहू द्या एकशे बारा. माझं आहे ते माझंच आहे." दुसरा फॉर्म मी मागितला नाही.

तेव्हा त्यांच्या डोक्यात काय चाललं होतं ते मला रविवारी कळलं.

मुदतीचा दिवस. उपासनेनंतर मागच्या खोलीत कमिटी जमली, आणि बिनबुलावता अर्धं चर्चही जमलं. भाऊजींनी टेबलावर फॉर्मांचा गठ्ठा ठेवला, चांगले शंभर असतील. बाजूला यादी: कुठल्या कॅसेटमध्ये कुणाचा आवाज.

"ज्याला काढून हवंय त्याने भरून द्यावं," ते म्हणाले. "मी काढतो. लगेच." आणि खाली बसले. त्यांनी सलग तीन वाक्यं बोललेली बघून लोक आधीच हबकले होते.

हेडमास्तरांनी चष्मा लावून फॉर्म वाचला. "'काय बोललं गेलं'? हे इथे लिहायचं?"

"हो, सर."

"आणि हे कागद कुठे जाणार?"

"आर्काइव्हला. कॅसेटींबरोबर."

हेडमास्तरीणबाई पुढे झाल्या, यादीवर बोट फिरवलं. त्यांच्या नावापुढे पाचशेच्या वर नंबर होते. एक फॉर्म त्यांनी तावातावाने उचलला, पेन मागितलं, नंबर लिहिला. मग दुसऱ्या रकान्यावर आल्या. पाळकीणबाई त्यांच्या खांद्यावरून वाकून प्रेमाने म्हणाल्या, "लिहा ना. मी सांगू का आठवून?"

हेडमास्तरीणबाईंनी पेन ठेवून दिलं. "मी चष्मा नाही आणलेला."

"घ्या माझा," मेट्रन म्हणाल्या.

"तुमचा नंबर वेगळा आहे!"

"मग मी लिहिते, तुम्ही बोला. बोलायला तर चष्मा लागत नाही तुम्हाला."

लोक हसले. मागून कुणीतरी गठ्ठ्यापर्यंत आलं आणि हात मागे घेतला. आणखी दोघी यादी बघून गेल्या. अर्ध्या तासात शंभरातला एकही फॉर्म भरला गेला नाही. आपण म्हटलेलं आपल्या हाताने, सही करून लिहायची हिंमत या मंडळीत कुणाकडे नव्हती, आणि मी त्यात आहे. माझा तर फाडलेला तुकडासुद्धा घरच्या केराच्या डब्यात गेला.

आता हेडमास्तर घाम पुसत होते. पुसा म्हणावं तर फॉर्म भरायचा. भंगारात द्या म्हणावं तर भंगारवाला याच गल्लीतला, आणि त्याच्याकडे टेप वाजवायचं यंत्र आहे हे सगळ्यांना माहीत. त्यांनी वर्गात मुलाने अवघड प्रश्न विचारल्यावर घेत तसा मोठा श्वास घेतला. "अट घालता येते का? ठरावीक वर्षं कुणी ऐकायचं नाही, अशी?"

"येते," भाऊजी म्हणाले. "विचारलंय मी. पन्नास वर्षांपर्यंत. आवाज कॉम्प्युटरवर उतरवतात, मग कुलूप."

पन्नास म्हटल्यावर खोलीत सगळ्यांचे ओठ हलायला लागले. प्रत्येक जण आपल्या वयात पन्नास मिळवत होता, आणि बेरीज आली की चेहरा उजळत होता. इतकी श्रद्धाळू माणसं मरणाच्या विचाराने इतकी आनंदी झालेली मी दफनभूमीतही पाहिली नाहीत.

फक्त मेट्रन रागावल्या. "पन्नास? मी तेव्हा एकशे तेहतीसची असेन! मला माझे पाय दुखल्याचं उद्याच ऐकायचंय. सुई, माझी प्रत काढून दे."

"देतो," भाऊजी म्हणाले.

हेडमास्तरांनी सही केली, पहिल्या सहीइतकीच वळणदार. खाली पाळकसाहेबांनी केली. करता करता त्यांनी हळूच विचारलं, "सुईकाका, माझा आवाज कुठेच नीट नाही का आला हो?"

"मागच्या ते मागच्या रविवारी आलाय," भाऊजी म्हणाले. "तेराशे एक्याऐंशी नंबर. बाक गप्प होता."

"मग? कसा झाला उपदेश?"

भाऊजींनी खरंच विचार केला. "सुई फार हलली नाही," ते म्हणाले.

मी त्यांच्या बरोबर घरी आले. सत्तावीस वर्षांचं त्यांचं काम कुणीही पुसलं नाही, आणि आयुष्यात पहिल्यांदा आपल्याविषयी अख्खी मंडळी काय बोलत आलीय ते त्यांना नंबरवार माहीत झालंय. तरी ते कपाळाला आठी घालत नाहीत की टोमणा मारत नाहीत. हेडमास्तरीणबाईंचा मिक्सर परवा दुरुस्त करून घरपोच दिला. त्या दारातच म्हणाल्या, "सुईभाऊ, त्या सातशे साठमध्ये मी तुमच्याविषयी काही..." तर म्हणाले, "पातं बदललंय, ताई. आठ दिवस जपून वापरा."

बावीस खोकी भरून तयार आहेत. चिठ्ठ्या कोरड्या आहेत, नंबर लागलेत. आर्काइव्हने बुधवारी सकाळी दहाच्या आत पोचवा म्हटलंय. जेवण झाल्यावर भाऊजींनी चपला घातल्या, आणि बुधवारसाठी टेम्पो ठरवायला नाक्यावरच्या टेम्पोवाल्याकडे गेले.